चेहरा न दिलेला शांतिनाथ

कोळदऱ्याच्या डोंगरातल्या तिसऱ्या लेण्यात शिरले की पाहणारा जागीच थांबतो. समोर जैन तीर्थंकर शांतिनाथांची बसलेली मूर्ती. मांडीवर एकावर एक ठेवलेले तळहात, आसनाखाली त्यांचे चिन्ह असलेले हरिण, सगळे रेखीव. आणि मानेच्या वर मात्र ओबडधोबड कातळ, त्यातून पाण्याची बारीक धार. मूर्ती कुणी फोडली, असे पाहुणे विचारतात. लेण्याची देखभाल करणारे हिरामणबाबा मान हलवतात. "फोडली नाही. घडवणाऱ्यानंच चेहरा दिला नाही," म्हणतात आणि सांगू लागतात.

माइदेव नावाचा एक पाथरवट होता म्हणे. पोमला नावाच्या श्राविकेने दिवंगत नवऱ्याच्या नावे हे लेणे कोरायला घेतले आणि मूर्ती त्याच्यावर सोपवली. ती पुरी होईपर्यंत दुसऱ्या दगडाला छिन्नी लावणार नाही, असा त्याने नवस केला. नऊ वर्षे गेली. चेहरा त्याने शेवटाला राखून ठेवला होता. डोळे मिटले की तो त्याला स्पष्ट दिसे.

नेमके तेव्हाच ओळीने तिसरे वर्ष कोरडे गेले. दऱ्यातली माणसे गुरे घेऊन निघू लागली. माइदेवाची बायको लखमा दोन कोसांवरून घागर आणी. एका सकाळी माइदेवाने कपाळावर पहिला घाव घातला, तर दगड ओलसर लागला. त्याने कान लावला. आत पाणी वाहत होते, असे सांगतात.

झरा चेहऱ्याच्या बरोबर मागे होता. हलक्या हाताने कोरले तर चेहरा साधला असता, पाणी आतच राहिले असते. पाणी काढायचे तर चेहरा जाणार. माइदेव कुणाशी बोलला नाही. दोन दिवस नुसता मूर्तीपुढे बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी लखमा रिकामी घागर घेऊन आली. "तिकडचा झराही आटला. उद्या आपणही निघायचं," ती म्हणाली. तेव्हा त्याने तिचा हात धरून ओल्या दगडावर टेकवला.

"पाणी आहे, आणि तुम्ही दोन दिवस गप्प बसलात?"

माइदेव उठला, मोठा घण उचलला आणि घाव घातले. पाणी उसळले तेव्हा तो रडत होता म्हणतात. त्याच पाण्याखाली मग त्याने दुसऱ्या कातळाला छिन्नी लावून टाके खोदले. निघून गेलेली माणसे परतली.

पोमला आली, तसा तो तिच्या पायांवर पडला. "आई, तुमची मूर्ती गेली. माझा नवसही मोडला."

पोमलेने टाक्यावर घागरी भरणाऱ्या बाया पाहिल्या. पदरातून गाळून ओंजळभर पाणी प्याली आणि मूर्तीपुढे डोके टेकले. म्हणाली, "मूर्ती पुरी झाली, माइदेवा. आता हिला हात लावू नकोस." शेजारची दोन लेणी त्याने त्यानंतर कोरली.

आजही या शांतिनाथाला फुले वाहत नाहीत. येणारा पाणी गाळायला पांढरे फडके आणतो आणि टाक्याच्या तोंडाशी बांधतो. जुने फडके गावातली बाळंतीण मागून नेते. कोळदऱ्यात बाळाचे पहिले टोपडे त्याचेच शिवतात.