हजेरीचा कागद

ती सभा मंगळवारी झाली की बुधवारी, हे संशोधनांना परवानगी देणाऱ्या समितीचे चिटणीस नाडकर्णी यांना नक्की आठवत नव्हतं. डॉ. घारपुऱ्यांना संशोधनासाठी विणकर बायकांचं तीन महिने रक्त काढायचं होतं. संमतीपत्र बारा पानी.

"बायकांना हे कळलंय का?" समितीवरच्या शिवणशिक्षिका यमुताईंनी विचारलं.

"सह्या केल्यात ना त्यांनी? मग कळलंच की, बाई!" घारपुरे म्हणाले.

यमुताईंनी हजेरीचा म्हणून एक कागद फिरवला. गप्पांच्या नादात सगळ्यांनी सह्या ठोकल्या. मग त्यांनी तो वाचून दाखवला, "मी तीन महिने दर सोमवारी रक्त काढू देईन."

"अहो, मी वाचलंच नाही ते!" घारपुरे ओरडले.

"सही केलीत ना, डॉक्टर? मग कळलंच की!"

घारपुऱ्यांनी संमतीपत्र मागे घेतलं. बायकांना सगळं तोंडी समजावल्याशिवाय सुई लावायची नाही, असं ठरलं.

बऱ्याच वर्षांनी नाडकर्णींनी जुनी फाईल उघडली. वार बुधवारच होता, आणि त्या कागदावरची पहिली सही त्यांचीच होती.