चार्ना नदीवरची दोमित्सेला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशात शोधूनही सापडला नसता. शेजारच्या तीन सत्तांनी तो आपसात वाटून घेतला होता, आणि ज्या मुलखात ही गोष्ट घडली तो रशियाच्या झारच्या वाट्याला गेला होता. पण नकाशावरून देश पुसला म्हणून माणसं कुठे जातात? ती होती तिथेच होती. शेतात राय नावाचं धान्य पेरत होती, बटाटे काढत होती, आणि लेकरांना निजवताना पोलिश गाणी म्हणत होती.

त्या मुलखात चार्ना नावाची नदी वाहते. चार्ना म्हणजे काळी. तळाशी पानं कुजून तिचं पाणी काळंभोर दिसतं, पण ओंजळीत घेतलं तर तळहातावरच्या रेषा मोजून घ्याव्यात इतकं नितळ. नदीच्या ऐलतीरावर ओल्शिना नावाचं गाव होतं, पोलिश लोकांचं. पैलतीरावर पोक्रोव्का होतं, रशियन लोकांचं. पोक्रोव्कातली माणसं रशियन खरी, पण झारची लाडकी नव्हती. त्यांची प्रार्थनेची रीत फार जुनी होती, झारच्या धर्मगुरूंना ती खपत नव्हती. म्हणून आपल्या देवांच्या तसबिरी छातीशी धरून ती बिचारी मुलूख सोडून निघाली आणि एका हिवाळ्याच्या तोंडावर ओल्शिनाच्या काठावर येऊन थडकली. तेव्हा इग्नात्सी नावाच्या नावाड्यानं त्यांना आपल्या नावेतून पार नेलं. पोरंबाळं गारठली होती, तर आपला मेंढीच्या कातड्याचा कोट त्यानं त्यांच्यावर पांघरला आणि स्वतः नुसत्या सदऱ्यावर दिवसभर नाव वल्हवली. पोक्रोव्का गाव वसलं ते असं.

दोमित्सेला ही त्या इग्नात्सीची एकुलती एक मुलगी. चालायला लागली तशी ती नावेतच वाढली. दोन्ही काठांची माणसं तिच्या ओळखीची होती, आणि दोन्ही काठांची भाषा तिच्या जिभेवर होती. पोलिश माणूस नावेला हाक मारायचा, "पशेवुस." रशियन माणूस हाक मारायचा, "पेरेवोस." दोन्हींचा अर्थ एकच, मला पार न्या. ऐकायलाही दोन सख्ख्या बहिणींसारखे शब्द. इग्नात्सी दोन्ही हाकांना सारखाच उठायचा.

मग पोलिश लोकांनी झारविरुद्ध बंड केलं. जंगलात लपलेल्या बंडकऱ्यांना इग्नात्सीनं धुक्याआडून नदीपार पोचवलं. बंड मोडलं. झारचे शिपाई आले आणि इग्नात्सीला बेड्या घालून सैबेरियाला घेऊन गेले. गाडीत बसताना त्यानं मुलीकडे पाहिलं आणि हातानं फक्त नावेकडे खूण केली. दोमित्सेलानं त्याच दिवशी बापाची नाव हाकायची लांब काठी हातात घेतली.

तो परत आला नाही. त्याहून अवघड गोष्ट पुढेच होती. बंडकऱ्याचं नाव घेतलं तर घराची झडती व्हायची, माणूस उचलून न्यायचे. म्हणून ओल्शिनात त्याचं नाव कुणी घेईनासं झालं. लोक 'तिकडे नेलेला' म्हणायचे, तेही इकडेतिकडे बघून. चर्चमध्ये पाद्रीबाबा प्रार्थनेत त्याच्या नावापाशी आले की नुसते ओठ हलवायचे. दोमित्सेला बारकाईनं ऐकायची. आज तरी नाव येईल, असं तिला दर रविवारी वाटायचं.

आणि मग ओल्शिनाला पोक्रोव्का डोळ्यांत खुपायला लागलं. ज्या भाषेत शिपायांनी दारं ठोठावली, तीच भाषा पलीकडची माणसं बोलत होती. पूर्वी काकड्या इकडून जायच्या, मध तिकडून यायचा. ते थांबलं. पोक्रोव्काची माणसं नावेत बसली तर दोमित्सेला त्यांना पार न्यायची, पण तोंड फिरवून.

एके दिवशी झारचा अंमलदार आला. त्यानं शाळेत पोलिश बंद केलं, कचेरीत बंद केलं, दुकानांच्या पाट्या उतरवल्या. शेवटी तो नदीवर आला. फर्मान काढलं की यापुढे नावेला हाक मारायची ती रशियनमध्येच, पोलिशमध्ये हाक मारणाऱ्याला फटके बसतील. त्यानं दोन्ही काठांवर एकेक शिपाई उभा केला.

दोमित्सेलानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी अंमलदार पैलतीरावरून ओरडला, "पेरेवोस." दोमित्सेला आपल्या झोपडीच्या उंबऱ्यावर कांदे सोलत बसली होती. ती कांदेच सोलत राहिली. अंमलदाराचा घसा बसला, वरून पाऊस लागला, शेवटी त्याला दूरच्या पुलावरून वळसा घालून यावं लागलं.

त्यानं तिला कोठडीत टाकलं. पण तिची काठी हातात घ्यायला कुणी तयार होईना. ओल्शिनाचा माणूस म्हणाला, माझी कंबर दुखते. पोक्रोव्काचा म्हणाला, मला पाण्याचं भय वाटतं. झारचं टपालसुद्धा अडून राहिलं. तेव्हा तिला सोडावं लागलं. सोडताना अंमलदारानं बजावलं की आता एकदा जरी हाक चुकवलीस, तर बापाच्या वाटेनं जाशील.

तेव्हापासून नाव बांधलेलीच राहिली. पोलिश हाक भीतीनं कुणी मारत नव्हतं, आणि रशियन हाकेला दोमित्सेला उठत नव्हती. अंमलदार तालुक्याला होता, तोवर शिपाई काणाडोळा करत होते. एकदा पोक्रोव्काचा एक म्हातारा पाठीवर पोतं घेऊन दुपारभर काठावर उभा होता. अधूनमधून तो हाक मारायचा, मग खाली बसायचा, मग परत उठून हाक मारायचा. दोमित्सेलाला तो दिसत होता. पण ती हाक ऐकली की तिला बेड्यांचा आवाज आठवायचा, आणि पाय उचलायचा नाही. म्हातारा उन्हं उतरल्यावर परत गेला. त्या दिवशी ती जेवली नाही, असं म्हणतात.

पुढे हिवाळा सरला आणि नदीवरचं बर्फ फुटलं. बर्फ फुटतं तेव्हा चार्ना नदी ओळखू येत नाही. घराच्या छपराएवढाले तुकडे एकमेकांवर आदळत वाहतात आणि तोफा उडाव्यात तसा आवाज होतो. अशा दिवसांत कुणी नाव सोडत नाही.

नेमकी तेव्हाच पोक्रोव्काच्या काठावर एक घसरगाडी येऊन थांबली. गाडीत ग्लाफिरा नावाची तरणी बाई होती. पहिलटकरीण, कळा लागून कितीतरी वेळ झालेला, आणि मूल अडलेलं. सोबत तिची आई अकुलिना होती. त्या सगळ्या पंचक्रोशीत अडलेली बाई सोडवणारी एकच सुईण होती, ओल्शिनाची अपोलोनिया.

अकुलिनानं हाक मारली, "पेरेवोस." ऐलतीरावर दोमित्सेला उंबऱ्यावर उभी राहिली, पण पुढे आली नाही. अकुलिनानं पुन्हा हाक मारली. मग तिनं शेजारच्या शिपायाकडे पाहिलं. हाकेचा तेवढा एक पोलिश शब्द तिला येत होता, पण तो उच्चारला की फटके. स्वतःला बसले असते तर तिनं सोसले असते, पण तिला पकडून नेलं तर पोरीपाशी कोण राहणार? आणि मग तिनं हाक मारली ती अशी:

"दोमित्सेला इग्नात्येव्हना!"

रशियन लोकांत अशी रीत आहे. एखाद्याला मान द्यायचा, तर त्याच्या नावापुढे त्याच्या वडिलांचं नाव जोडायचं. आपल्याकडेही जोडतातच की. इग्नात्येव्हना म्हणजे इग्नातची लेक. पोलिश इग्नात्सी तो रशियन इग्नात. अकुलिना लहान होती तेव्हा त्याच इग्नात्सीच्या कोटाखाली ऊब घेऊन तिनं ही नदी ओलांडली होती. पलीकडच्या गावी त्याचं नाव घ्यायची बंदी आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. पोक्रोव्कात ते रोजच्या प्रार्थनेत घेत होते.

दोमित्सेलाच्या कानावर बापाचं नाव आलं. किती वर्षांनी आलं. जे चर्चमध्ये ऐकू आलं नाही, स्वतःच्या लोकांच्या तोंडून आलं नाही, ते बर्फाच्या गडगडाटावरून, भर दिवसा, मोठ्यानं, पलीकडच्या काठावरून आलं. हाक पुन्हा आली. मग ती धावत सुटली. तिनं नावेची दोरी सोडलीसुद्धा नाही, कोयत्यानं तोडली.

ती पार कशी गेली, हे पाहणाऱ्यांनाही नीट सांगता आलं नाही. कुणी म्हणतात, बर्फाचे तुकडे नावेपुढे गाईगुरांसारखे बाजूला होत होते. कुणी म्हणतात, नावेत तिच्या मागे नुसत्या सदऱ्यातला एक म्हातारा काठी धरून उभा होता. एवढं खरं की ती पोचली, आणि दोघी मायलेकींना घेऊन परत फिरली.

पण ऐन मधोमध ग्लाफिराचा धीर सुटला. मूल आता काठाची वाट बघणार नव्हतं. अपोलोनिया सुईण ऐलतीरावर गुडघाभर गार पाण्यात उतरली आणि पोलिशमध्ये ओरडून सांगू लागली, असं कर, तसं धर, आता जोर लाव. अकुलिनाला त्यातलं अक्षर कळेना. तेव्हा दोमित्सेलानं तोंड उघडलं. बापाला नेलं त्या दिवसापासून जी भाषा तिनं जिभेवर येऊ दिली नव्हती, त्या भाषेत ती सुईणीचा एकेक शब्द सांगू लागली. आवाज घोगरा येत होता, मधेच शब्द अडत होता. "घाबरू नको पोरी," ती रशियनमध्ये म्हणाली, "मी आहे, नाव माझ्या हातात आहे."

आणि असं म्हणतात की तेव्हा नदी थांबली. बर्फाचे तुकडे नावेभोवती रिंगण धरून उभे राहिले, जसे शेजारी दाराशी उभे राहतात तसे. कुठे आवाज नाही. शिपायानं टोपी काढली आणि पाठ फिरवली. मग बाळ रडलं, आणि त्या रडण्याबरोबर बर्फ कडकन सुटलं आणि वाहू लागलं. मुलगी झाली होती. तिचं नाव दोमित्सेला ठेवलं. पोक्रोव्कात पोलिश नाव ठेवलं गेलं ते पहिल्यांदा.

बातमी अंमलदारापर्यंत गेली. तो हसतच आला. गावासमोर म्हणाला की अखेर ही बाई रशियन हाकेला उठली, झारचा हुकूम तिनं मानला, तिला बक्षीस मिळेल.

दोमित्सेला पुढे झाली. "साहेब, तुमच्या हाकेला मी उठले नाही," ती म्हणाली. "माझ्या बापाच्या नावाला उठले. इग्नात्सी त्याचं नाव. तुम्ही त्याला सैबेरियाला नेलंत."

तिनं ते नाव मोठ्यानं घेतलं होतं. अंमलदाराचा चेहरा उतरला. तो म्हणाला, बघूया. पुलावरून पोक्रोव्काला गेला, तिथल्या सगळ्या माणसांना काठावर आणून उभं केलं आणि म्हणाला की सगळ्यांनी मिळून रशियन हाक मारा, ती उठली नाही तर आजच तिला बेड्या घालतो.

पोक्रोव्काची माणसं लांब दाढ्यांची, हळू बोलणारी. ती एकमेकांकडे बघत राहिली. पोतं घेऊन दुपारभर तिष्ठलेला तो म्हातारा पुढे आला. त्याच्या मनात तिच्याबद्दल राग असता, तरी कुणी बोल लावला नसता. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली, "दोमित्सेला इग्नात्येव्हना!" त्याच्यामागून अकुलिनानं मारली, मग पुरुषांनी, बायकांनी, पोरांनी. सगळं पोक्रोव्का इग्नात्सीचं नाव घेत होतं. आणि मग इकडे ओल्शिनाच्या काठावर पाद्रीबाबांनी पहिल्यांदा ओठ नुसते न हलवता आवाज काढला, "इग्नात्सी." मग सारं गाव ते नाव म्हणू लागलं. कुणी रडत म्हणत होतं, कुणी शरमेनं मान खाली घालून.

अंमलदार करणार काय? पूर्ण गावाला, तेही रशियन गावाला, कशासाठी बेड्या घालायच्या? माणसाला त्याच्या नावानं हाक मारू नये, असा कायदा झारनंही केला नव्हता. दोमित्सेला नाव वल्हवत पैलतीरावर आली. अंमलदार मुकाट्यानं नावेत बसला. उतरताना मात्र त्यानं, कुणाला ऐकू जाणार नाही असं, तिला इग्नात्येव्हना म्हटलं, असं म्हणतात.

पुढे या काठावरून त्या काठावर काकड्या आणि मध पुन्हा जाऊयेऊ लागले. भांडणं अगदी संपली असं नाही. माणसं आहेत, भांडायचीच. दोमित्सेला आपल्या लोकांत कायम पोलिशच बोलली, शाळा बंद होती तर नावेत बसवून पोरांना पोलिश अक्षरं शिकवली. पण पैलतीरावरून तिच्या नावाची हाक आली की ती हातातलं काम टाकून उठायची. म्हातारी झाली, तेव्हा ग्लाफिराची मुलगी तिच्या शेजारी बसून वल्हं मारायची.

झार गेले. लढाया आल्या, गेल्या. पोलंड पुन्हा नकाशावर आलं. चार्ना नदीवर आता दगडी पूल आहे आणि नाव चालत नाही. तरीही दरवर्षी बर्फ फुटलं की दोन्ही गावांची माणसं आपापल्या काठावर जमतात. आधी सगळे मिळून दोमित्सेलाला हाक मारतात, रशियन रीतीनं, बापाच्या नावासकट. ओल्शिनाची पोलिश माणसंसुद्धा त्याच रीतीनं. आणि मग ज्याच्या घरातलं कुणी नेलं गेलं आणि परतलं नाही, कुणी कुठल्या लढाईत, कुणी कुठल्या छावणीत, तो पुढे येतो आणि पाण्यावरून त्या माणसाचं नाव घेतो. पलीकडची माणसं ते नाव ऐकतात आणि एकदा परत म्हणतात, म्हणजे ते पोचलं हे कळावं म्हणून. मग घटकाभर कुणी हलत नाही. सगळे पाण्याकडे बघत उभे राहतात, कुणाला तरी पार आणायला नाव निघालीच आहे असं समजून.