बोटीचं माणूस बोटीवर

एका गावात एक भोळा रिक्षावाला होता. गावाचं नाव खारवणे, रिक्षावाल्याचं नाव लवू. तसे खारवण्यात भोळे पुष्कळ होते, पण बाकीचे आपलं भोळेपण झाकून ठेवत. लवूला ते जमत नसे. आपली फजिती आपणच सगळ्यांना सांगत सुटायची त्याला सवय. "माझं डोकं म्हणजे शहाळं," तो म्हणे. "पाणी भरपूर, खोबरं अजून धरायचंय."

खारवण्याचा धक्का खाली समुद्रावर आणि बाजारपेठ वर डोंगरावर. मधे वळणावळणाचा चढ. पूर्वी त्या धक्क्यावर मासळी उतरायची आणि मासळीमागे कावळे उतरायचे. मग एका वर्षी मुंबईहून गोव्याला जाणारी मोठी प्रवासी बोट खारवण्याला थांबायला लागली. बोट कसली, चार मजली चाळच ती. ती लांब खोल पाण्यात उभी राही, आणि माणसं मचव्यात बसून धक्क्याला येत. दिवसभर गाव बघत. संध्याकाळी बोटीने भोंगा दिला की परत जात. आता ही माणसं धक्क्यावरून गावात न्यायची कुणी? ज्याच्याकडे रिक्षा त्याने. लवूकडे रिक्षा होती, सहा माणसांची. अकलेचं कुणी विचारलं नव्हतं.

त्याच सुमारास लवूच्या लग्नाचं जमत आलं होतं. स्नेहल नावाची मुलगी मावशीकडे खारवण्याला आली होती. ती लवूच्या रिक्षात बसली, आणि वाटेत लवूने तिला आपल्या फजित्या सांगितल्या. ती उतरेपर्यंत हसत होती. उतरल्यावर मावशीला म्हणाली, हा मुलगा मला चालेल. लवूला तर ती इतकी आवडली की तो तिच्याकडून भाडं घ्यायला विसरला आणि मावशीकडून दोनदा घेऊन आला. मावशीने राजापूरला मुलीच्या वडिलांना कळवलं. त्यांचं नाव जगन्नाथ तोडणकर. त्यांचा निरोप आला की, मुलगा भोळा आहे असं ऐकतो. भोळा चालेल, बिनकामाचा चालणार नाही. बोटीची माणसं नीट गावात नेतो-आणतो असं कानावर आलं, तर पुढचं बोलू.

झालं. लवूचं लग्न धक्का ते पेठ एवढ्या रस्त्यावर येऊन अडकलं.

लवूची आई द्वारकाबाई. तिने हे काम स्वतःच्या हातात घेतलं. पहिली बोट यायची होती त्या सकाळी तिने लवूला सांगितलं, "माणसं घे आणि थेट पेठेत नेऊन सोड. वाटेत कुठे थांबू नको." लवूने खूणगाठ बांधली. लोक खूणगाठ मनाशी बांधतात. लवूने गळ्यातल्या रुमालाला बांधली.

रिक्षात नाशिकचं एक कुटुंब बसलं. ते आले होते किल्ला बघायला, आणि किल्ला होता वाटेत. किल्ला आला तशी सगळी ओरडली, थांबा. लवू थांबला नाही. दीपस्तंभ आला. लवू थांबला नाही. देऊळ आलं, तेव्हा आजीबाईंनी चालत्या रिक्षातूनच हात जोडले. मग आजोबांनी हळूच सांगितलं की त्यांना जरा झाडामागे जाऊन यायचंय. लवू म्हणाला, पेठेत झाडं आहेत. शेवटी त्याने रिक्षा मासळीबाजारात उभी केली. त्या दिवशी बाजार बंद होता.

"इथे बघायचं काय?" आजोबांच्या मुलाने विचारलं.

"इथे काय नाय," लवू म्हणाला. "बघायचं सगळं मागे राहिलं."

आजोबा तोवर झाड शोधत पळाले होते.

संध्याकाळी आयेने कपाळावर हात मारला. ती म्हणाली, मेल्या, पाहुण्यासाठी थांबावं. पाहुण्याचा हात वर झाला की गाडी उभी राहिली पाहिजे. "चुकलंच की माझं," लवू म्हणाला, आणि रुमालाला दुसरी गाठ मारली.

दुसऱ्या बोटीने सांगलीचे वैशंपायन सर आले, सोबत त्यांच्या बाई. सरांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला होता, आणि शिकवत ते हातांनी. रिक्षा सुरू झाली, सर म्हणाले, "त्या काळी इथे आरमार," आणि आरमार दाखवायला त्यांचा हात वर गेला. लवूने रिक्षा उभी केली. सरांना वाटलं, काय हा मुलगा, ऐकायला गाडी थांबवतो. त्यांना भरून आलं. त्यांनी आरमार संपवून तोफा काढल्या. रिक्षा पुढे सरकली, हात वर गेला, रिक्षा थांबली. तोफा झाल्या, फितुरी आली. फितुरीला तर सर दोन्ही हात वर करत. बाईंना फक्त पेठेतून काजूगर घ्यायचे होते. हा इतिहास त्या लग्नापासून ऐकत होत्या आणि जरा बदल म्हणून बोटीवर आल्या होत्या. पेठेची कमान दिसली तेव्हा खाली समुद्रावर भोंगा झाला. रिक्षा तिथूनच वळवावी लागली. असा विद्यार्थी जन्मात मिळाला नाही असं सर म्हणाले. बाई बोटीवर चढेपर्यंत त्या दोघांकडेही बघत नव्हत्या.

आयेने ऐकून घेतलं. मग म्हणाली, अरे, हाताकडे काय बघतोस, तो तोंडाने काय सांगतो ते ऐकावं. आणि पाहुण्याला परका समजूच नये. आपल्या घरचा माणूस समजावा आणि तसंच वागवावं. "एवढं साधं कसं सुचलं नाही मला," लवू म्हणाला. "चुकलंच की माझं." तिसरी गाठ.

तिसऱ्या बोटीने ठाण्याचे कर्णिक आले. बँकेत साहेब होते. सोबत त्यांची बायको आणि बहीण. लवूने त्यांना रिक्षात घातलं आणि सरळ घरी आणलं. घरचा माणूस घरी नाही आणायचा तर कुठे न्यायचा? आये कामाला बाहेर गेली होती. दिवस कोकमांचे होते. घरची माणसं त्या दिवसांत जे करतात ते लवूने त्यांना वाटून दिलं. बायकोला कोकमं फोडायला बसवलं, बहिणीला वाळवणावर कोंबड्या हाकायला, आणि साहेबांच्या हातात कळशी देऊन त्यांना विहिरीवर धाडलं. स्वतः ओटीवर आडवा झाला, कारण घरात तो नेहमी तेच करत असे. साहेब मधेच दमून बसले, तर आये त्याला म्हणते तसं तो साहेबांना म्हणाला, "बसलास काय? पाणी काय आपल्या पायांनी येणार?"

कर्णिकांना मात्र हे भलतंच आवडलं. बाईंचे हात कोपरापर्यंत लाल झाले, साहेबांनी न्हाणीघरातला हंडा भरला, दुपारी सगळ्यांनी पेज आणि सुकट मागून मागून खाल्ली. भोंगा झाला तसा लवू उठला. साहेब म्हणाले, बस रे, आम्ही आता तुझ्या घरचेच, जाऊ दे ती बोट. लवूला पटलं. घरच्या माणसाला कुणी बाहेर काढतं का? बोट गेली. मग सकाळी साहेबांना आठवलं की औषधं बोटीवर, कपडे बोटीवर, चष्मासुद्धा बोटीवर. ते मुंबईच्या एसटीत बसले ते लवूच्या वारलेल्या बापाचं धोतर नेसून.

त्या दिवशी बोटवाल्यांचा कडक निरोप आला. पुन्हा एकही माणूस मागे राहिला तर बोट खारवण्याला थांबणार नाही. सगळा गाव द्वारकाबाईंच्या अंगणात जमला. जो तो म्हणायला लागला, तुझ्या मुलाला सांभाळ. सांभाळायचं कसं, ते कुणी सांगेना.

आये त्या दिवशी खरीच संतापली. "आता शेवटचं सांगते," ती म्हणाली. "बोटीचं माणूस भोंगा झाला की बोटीवर गेलंच पाहिजे. मग ते रडू दे, पाया पडू दे, नाती सांगू दे. ऐकायचं नाही. उचलून बसवायचं."

लवूने चौथी गाठ मारली. रुमालाचा आता नुसता गोळा झाला होता.

त्यातच मावशीचा निरोप आला. पुढच्या बोटीच्या दिवशी तोडणकर स्वतः खारवण्यात येणार, आणि न सांगता लवूचं काम बघणार. द्वारकाबाईंनी तोडणकरांना कधी पाहिलं नव्हतं, लवूने तर नाहीच नाही. आयेने त्याला समोर बसवलं. म्हणाली, माणूस बेरकी आहे हो. परीक्षा घेणार. स्वतःची ओळख देणार नाही. तू विचारलंस तरी मी नव्हेच म्हणेल. तू आपलं काम नीट कर. रुमालात जागा नव्हती, म्हणून लवूने ही गाठ सदऱ्याच्या टोकाला मारली. पण त्या दिवशी जेवताना त्याने भाकरी अर्धीच ठेवली. "आये," तो म्हणाला, "आजवर माझ्यावर मीच पहिला हसायचो. यात नापास झालो तर मला हसायला यायचं नाही."

आयेने त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. दुसरं काय करणार?

चौथी बोट आली. धक्क्यावर ही गर्दी. लवूच्या रिक्षात पाच माणसं बसली, आणि सहावे एक जाडजूड गृहस्थ, डोक्यावर नवी गवती टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात कॅमेरा. तेच तोडणकर. सकाळच्या एसटीने आले होते आणि टोपी धक्क्यावरच्याच टपरीत घेतली होती. लवूला यातलं काही कळलं नाही.

पण त्या दिवशी लवू चुकला नाही. माणसं थांब म्हणाली तिथे थांबला, चल म्हणाली तिथे चालला. हात वर गेले तिकडे बघितलंसुद्धा नाही. किल्ला दाखवला, देऊळ दाखवलं, पेठेत काजूगर घेऊन दिले. कुणाला विहिरीवर धाडलं नाही. वाटेत आपल्या फजित्याही सांगितल्या, आणि स्नेहल नावाच्या मुलीशी आपलं लग्न ठरेल की मोडेल याची काळजीही सांगितली. ती तो हल्ली सगळ्यांनाच सांगत असे. तोडणकर मागे बसून पोट धरून हसले. दुपारपर्यंत त्यांना मुलगा पसंत पडला होता. परतीच्या वाटेवर तर त्यांनी मनात मांडवाची जागासुद्धा ठरवून टाकली.

भोंगा झाला. लवूने सगळ्यांना धक्क्यावर आणलं. पाच जण मचव्यात चढले. मचव्याचा तांडेल डोकी मोजत होता. मोजून झाल्यावर तो ओरडला की एक माणूस कमी आहे. लवूने बघितलं, तर टोपीवाले गृहस्थ अजून धक्क्यावरच उभे, आणि वर हसताहेत. त्याने त्यांना चढायला सांगितलं.

तोडणकरांनी चष्मा काढला. लवूच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, मी बोटीचा नाही," ते म्हणाले. "मी स्नेहलचा बाप. तू मला पसंत आहेस."

लवूने नीट विचार केला. तो असा विचार क्वचितच करी. आयेने सांगितलंय, सासरा ओळख देणार नाही. हे तर न विचारता देताहेत. म्हणजे हे सासरे नव्हेत. स्नेहलचं नाव तर वाटेत आपणच सांगितलं. आणि वर हे नातं सांगताहेत. म्हणजे हे बोटीचेच.

"काका, मागच्या वेळचे पण असंच म्हणाले होते," लवू म्हणाला, आणि त्याने त्यांना उचललं.

तोडणकरांनी हातपाय झाडले. शिव्या दिल्या. मग गयावया केली, मग परत शिव्या दिल्या. लवूने ऐकलं नाही. झटापटीत टोपी पडली, ती मात्र त्याने उचलून झटकून त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. तांडेलाने पुन्हा डोकी मोजली. आता हिशेब जुळला. मचवा सुटला. तोडणकर उभे राहून दोन्ही हात हलवत होते. लवूनेही हात हलवला. मचवा बोटीला लागेपर्यंत तो धक्क्यावरून हलला नाही. इतकं चोख काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि त्याला फार बरं वाटलं.

तेवढ्यात मागून एक बारीकसे गृहस्थ धापा टाकत आले. दोन्ही हातांत काजूच्या पिशव्या. हे बोरिवलीचे हळबे. भाव करता करता त्यांना भोंगा ऐकूच आला नव्हता. "अहो, थांबवा," ते म्हणाले. "माझी बोट गेली."

लवूने त्यांच्याकडे निरखून बघितलं. बोटीची माणसं सगळी बोटीवर गेली, तांडेलाने मोजून घेतली. म्हणजे हे बोटीचे नव्हेत. गावातले तर नव्हेतच. मग आज गावात बाहेरचं आणखी कोण यायचं होतं?

लवूने तिथेच धक्क्यावर हळब्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

हळबे म्हणाले, मी बोटीचा प्रवासी आहे. लवू म्हणाला, हो हो. हळबे म्हणाले, माझं सामान त्या बोटीवर आहे. लवू म्हणाला, असेल, असेल. आणि मोठ्या अदबीने त्यांना रिक्षात बसवून घरी घेऊन आला. दारातूनच त्याने आयेला हाक मारून सांगितलं की सासरेमामा आले.

आयेने सकाळपासून तयारी करून ठेवली होती. तिने पाय धुवायला पाणी दिलं, नारळ दिला, शाल दिली. पाट मांडून गरम गरम घावने आणि नारळाचा रस वाढला. हळब्यांना वाटलं, बोट चुकलेल्यांसाठी बोटवाल्यांनी ही सोय केली असावी. त्यांना मनापासून कौतुक वाटलं. भूकही लागली होती. ते खाली मान घालून जेवले. मग आयेने पदर सावरला आणि हळूच विचारलं, मुलगा बघितलात, पसंत आहे ना?

हळब्यांनी तोंड पुसलं. "मुलगा फारच चांगला आहे हो," ते म्हणाले. "पण मला कशाला विचारता? मला मुलगी नाही. माझं तर लग्नच झालेलं नाही."

आयेच्या हातातलं उलथनं हातातच राहिलं. ती लवूकडे बघायला लागली.

लवूचा चेहरा नुसता फुलला होता. तो तिच्या कानाशी वाकला.

"आये," तो म्हणाला, "नक्की हेच."