दोन तुकड्यांचे लुगडे

त्रेतायुग निम्मे सरले होते, देव अजून अधूनमधून पृथ्वीवर पायी येत असत, त्या काळी ऋक्षवान पर्वताच्या कुशीत महर्षी धृतव्रतांचा आश्रम होता. काय तो आश्रम! बकुळ-कदंबांच्या छायेत हरिणे निःशंक रवंथ करीत, यज्ञधूमाने आकाश नित्य सावळे दिसे, सामगायन सुरू झाले की निर्झरही आपला खळखळाट आवरता घेत, आणि शंभर तपस्व्यांची वल्कले वेलींच्या दोऱ्यांवर ओळीने वाळत असत. आश्रमाचे वर्णन करणारे इथवर येऊन थांबतात. ती वल्कले कुटत कोण होते, हे मेले कोणी सांगत नाही.

शाल्मली कुटत होती. आश्रमाच्या कुंपणाबाहेर, ओढ्याच्या काठी तिची झोपडी. झाडाची साल भिजवायची, लाकडी मोगरीने दिवसभर बडवायची, मऊ करून तपस्व्यांना नेऊन द्यायची. त्याबद्दल मूठभर नीवार धान्य मिळे. नवरा वाघाने नेलेला. पदरी एक मुलगी, दहा वर्षांची इंगुदी. आणि दोघींत मिळून लुगडे एक. शाल्मली आश्रमात गेली की इंगुदी झोपडीत सालीच्या ढिगाआड बसे. इंगुदी पाण्याला गेली की आई बसे. वल्कलाचा एखादा तुकडा अंगाला गुंडाळावा, तर तेही नाही. वल्कल म्हणजे तपस्व्याचे वस्त्र, संसारी बाईने नेसले तर पाप! कुटायला चालते, नेसायला चालत नाही.

कुटताना उडणारा सालीचा चीक वर्षानुवर्षे डोळ्यांत जाऊन इंगुदीच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा आला. आधी तिला दूरची झाडे दिसेनाशी झाली, मग ओढा, मग आईचे तोंड.

आता आश्रमात एक दृष्टिकुंड होते. दर बारा वर्षांनी एकदा, चैत्री पौर्णिमेच्या दिवशी, देवांचे वैद्य अश्विनीकुमार तिथल्या यज्ञशाळेत येऊन बसत. कुंडात स्नान करावे, यज्ञशाळेत त्यांच्यासमोर यावे, त्यांनी बोट लावावे की व्याधी गेली. सूर्यास्त झाला की ते निघून जात. राजाला जे, तेच भिकाऱ्याला. मूल्य काही नाही. महर्षींना या गोष्टीचा फार अभिमान. नियम एकच होता. स्नानानंतर कोरडे वस्त्र नेसून यायचे, कारण ओलेत्याचा थेंब पडला तर अग्नीचा अपमान होतो.

एकच नियम. किती सोपा!

पौर्णिमेच्या सकाळी शाल्मलीने लुगडे दातांनी धरून मधोमध फाडले. अर्धे लेकीला, अर्धे आपल्याला. धड गुडघा झाकेना, धड खांदा. तशा त्या दोघी, लोकांच्या नजरा चुकवत, कुंडावर आल्या. स्नान केले. दाराशी महर्षींचा पट्टशिष्य सुवर्चस उभा होता.

"थांब, बाई. वस्त्र ओले आहे. कोरडे नेसून ये."

"दुसरं नाही, महाराज."

"मग वाळवून ये. आम्ही का कोणाला अडवतो?"

लुगडे सोडून वाळवावे, तर अंगावर काय राहणार? दोघी उन्हात उभ्या राहिल्या. सोयीच्या जागा आधीच गेल्या होत्या; श्रेष्ठींच्या दासी रेशमी वस्त्रांची गाठोडी घेऊन सावलीत बसल्या होत्या, कुंडातून आलेल्या मालकिणी आडोशाला वस्त्र बदलून आत जात होत्या. उन्हाने कपाळ तडकू लागले. दोन प्रहरांनी तुकडे एकदाचे वाळले आणि दोघी पुन्हा दाराशी आल्या.

सुवर्चसाने नाक आक्रसले. "अंगावरच वाळलेले? ते शुद्ध नव्हे. बदललेले हवे. पुन्हा स्नान कर आणि दुसरे नेसून ये."

"अहो, दुसरं असतं तर फाडलं असतं का हे?"

"ते मला काय ठाऊक? कुंड सर्वांना मोकळे आहे. येणाऱ्यानेच तयारीने येऊ नये, याला आश्रम काय करणार?"

"आई, राहू दे," इंगुदी पुटपुटली. "पुढच्या वेळी येऊ."

"पुढच्या वेळी तू बावीस वर्षांची होशील, पोरी. आणि मी असेन का?"

तिने लेकीला पुन्हा कुंडात बुडवले, आपणही बुडी मारली, आणि निथळत येऊन उंबऱ्यावर उभी राहिली. सुवर्चसाचा आरडाओरडा ऐकून महर्षी धृतव्रत स्वतः बाहेर आले. पिंगट जटा, अग्नीसारखे तेज, मेघासारखा आवाज.

"हे स्त्रिये," ते म्हणाले, "वस्त्राचा एवढा शोक कशाला? अकिंचनता हेच खरे ऐश्वर्य. मला पाहा! राज्य त्यागून आलेला मी, या देहावर एका वल्कलावाचून माझे असे काही नाही."

"आणि दोरीवर?"

"काय?"

"दोरीवर दुसरं वाळतंय की तुमचं. मीच कुटलंय, काठ ओळखते मी त्याचा. तुम्ही राज्य सोडलंत, महाराज. आम्ही काय सोडावं? हे उरलंय ते सोडलं तर तुम्हीच तोंड फिरवाल. सकाळपासून 'मोकळं आहे, मोकळं आहे' ऐकतेय, आणि लेकीचे डोळे दारात अडलेत! एकदा तुमचं वल्कल वाळू नये. एकाचंही वाळू नये. मग कळेल, कोरडं नेसून ये म्हणजे काय ते!"

शब्द तोंडातून सुटला मात्र, महर्षींच्या वल्कलातून पाण्याच्या धारा लागल्या. सुवर्चसाचे वल्कल गळू लागले. उतरत्या उन्हातल्या दोऱ्यांवरची शंभर वल्कले टपटप गळू लागली. महर्षी गडबडीने यज्ञशाळेकडे वळले आणि उंबऱ्याशीच थबकले. नियम त्यांचाच होता.

"दुसरे आणा!" ते ओरडले.

दुसरेही ओलेच होते.

"आणा की," शाल्मली म्हणाली. "तयारीने यावं माणसानं."

आत अश्विनीकुमार उठून उभे राहिले. त्यांच्या कांतीने यज्ञशाळेचे खांब उजळले. "धृतव्रता," ते म्हणाले, "जिच्या हातच्या वस्त्रात बसून तुम्ही शंभर जणांनी तप केले, तिचे श्रम त्या तपात नव्हते असे वाटले तुला? तिचा शब्द खोटा होणार नाही. सूर्य मावळतो आहे. लवकर बोल."

महर्षींनी हात जोडले, पण ऋषीच ते! नियम रद्द करण्यापूर्वी तो का केला होता, हे सांगणारे दोन श्लोक म्हणाले. मग म्हणाले, "आजपासून या दारात ओलेत्याला अडवणार नाही. उलट ओलेत्याने येणाऱ्याचा मान पहिला."

वल्कले वाळली. शाल्मलीने लेकीला उचलून आत धाव घेतली. अश्विनीकुमारांनी उजव्या डोळ्याला बोट लावले, पडदा विरला. डाव्या डोळ्याकडे बोट गेले, आणि सूर्य बुडाला.

"एक राहिला," शाल्मली म्हणाली. रडली नाही. रडण्याइतकी ताकदच नव्हती.

देवांनी माना खाली घातल्या. जाता जाता म्हणाले, "माते, वर माग."

"मोक्ष माग!" महर्षींनी मागून सुचवले.

"एक लुगडं द्या," शाल्मली म्हणाली.

अश्विनीकुमार एकमेकांकडे पाहू लागले. "आम्ही वैद्य, माते. अंधाला डोळे देतो, म्हाताऱ्याला तारुण्य देतो. या दुखण्यावर आमच्या झोळीत औषधाची मुळी नाही." आणि ते अंतर्धान पावले. महर्षींनी भरभरून आशीर्वाद दिला. पाठीमागे दोऱ्यांवर शंभर वल्कले कोरडी खडखडीत लोंबत होती. त्यांतले एक काढून द्यावे, हे शंभरांतल्या एकालाही सुचले नाही.

म्हणून दृष्टिकुंडावर ओलेत्याने जायची रीत पडली. ज्यांच्या पेटाऱ्यात बारा वस्त्रे आहेत, त्याही पुण्य लागते म्हणून हौसेने भिजतात, आणि बाहेर दासी कोरडे रेशीम घेऊन उभी असते. त्या उंबऱ्याचा दगड मात्र अजून वाळत नाही, ऐन वैशाखातही नाही.

आणि त्या संध्याकाळी झोपडीत इंगुदीने, आलेल्या एका डोळ्याने, काट्याच्या सुईत सालीचा दोरा ओवला आणि ते दोन तुकडे पुन्हा एकत्र शिवले. सकाळी शाल्मली ते नेसून साल कुटायला गेली. इंगुदी ढिगाआड बसून राहिली. आता तिला दिसत होते, पण बाहेर जायची पाळी आईची होती.