वाढलेल्या बांगड्यांची खिडकी

एकदा काय झालं, भिवानं विचारलं, "बांगडी फुटली तर 'वाढली' का म्हणायचं?" आई म्हणाली, "म्हणायचं असतं." कासारमामा म्हणाले, "गप रे."

झालं होतं असं, बरं का. भिवाचं आणि त्याच्या थोरल्या बहिणीचं, सगुणाचं, एका पेरूवरून भांडण झालं. भिवानं रागानं तिचा हात ओढला. कट्! हिरवी बांगडी गेली.

"फुटली!" भिवा ओरडला.

"वाढली म्हण, वेड्या."

त्यानं म्हटलं नाही. चौथ्या दिवशी सगुणा तापानं गेली.

मागे राहिली तिची डबी. वाढलेल्या बांगड्यांच्या काचा ती त्या डबीत लहानपणापासून जमवायची. भिवाला वाटलं, वाढते म्हणतात ना? मग वाढेलच की! जोडून तर बघू.

त्याला कुठं येत होतं! मावळतीच्या खिडकीच्या साध्या काचेवर त्यानं खळीनं तुकडे चिकटवले. खळ मुंग्यांनी खाल्ली, तुकडे खाली. मग डिंक लावला. तो दमट हवेनं ओघळला. बोटं कापली ती वेगळीच. मग बेलफळाचा चिकट गर लावला, बाकाला बाक जुळवला, तुकड्याच्या कुशीत तुकडा निजवला. तेव्हा कुठं बसले.

पहिल्या दिवशी ऊन आलं आणि जमिनीवर दोन निळी पावलं उमटली. भिवानं पावलं काढलीच नव्हती, बरं का!

दुसऱ्या दिवशी आणखी तुकडे लावले. पावलांवर परकर आला, हात आले. घरात किणकिण वाजली. मांजर पाठ फुगवून पळालं.

तिसऱ्या दिवशी डबी रिकामी झाली. चेहरा आला. सगुणाच! पण ओठांच्या जागी नुसतं पांढरं ऊन.

मग सूर्य बुडाला. ती मात्र गेली नाही. जमिनीला चिकटून तशीच राहिली. आई तिच्याशेजारी बसली. जेवेना, उठेना.

"आई, ऊठ ना."

"ही उठली की उठते."

एक तुकडा राहिला होता. भिवाच्याच खिशात होता तो, भांडणातला, हिरवा. त्यानं तो लावला. जमिनीवरचे ओठ हिरवे झाले. हलले.

"भिवा, थंडी वाजते रे. खिडकी उघड."

"उघडली तर तू जाशील!"

"आईचे हात बघ."

भिवानं हातात घेऊन बघितले. हात गार, नखं काळीनिळी.

मग त्यानं कडी काढली. खिडकी फिरली, तशी सगुणा जमिनीवरून सरकली, भिंतीवर चढली, खिडकीच्या उंबऱ्यापाशी आली. थांबली.

"येते हं."

निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं. या वेळी भिवानं का म्हणून विचारलं नाही.

"ये," तो म्हणाला. मग अगदी हळू, "वाढली गं बांगडी."

उंबऱ्यावर आता नुसता अंधार होता. आईच्या हातांत ऊब आली. ती उठली, तिनं चूल पेटवली, भिवाला जेवायला वाढलं. दोघं पोटभर जेवली. पुढं सुखानं राहिली.

मिटा बघू आता डोळे. आणि ती खिडकी? भिवानं तिच्या बिजागरीला तेल घातलं, खाली दगड लावला, आणि उघडीच ठेवली.