चालत्या प्रोग्रामची फाइल

एकदा एका संशोधन संस्थेत एक वृद्ध आचार्य होते, आणि जे घडले त्याचा दोष सर्वस्वी त्यांचाच होता. वयाकडे पाहून तो कमी करण्याचे काही कारण नाही.

संस्थेचे युनिक्स प्रणालीवर चालणारे जुने संगणक-यंत्र शनिवारी भंगारात जायचे होते. नऊ वर्षांच्या नोंदींवरून खाडीच्या भरती-ओहोटीची कोष्टके काढणारा आचार्यांचा प्रोग्राम त्यावर अकरा दिवस चालला होता. हे त्यांचे अखेरचे काम. बुधवारी प्रोग्राम गप्प झाला.

प्रोग्रामच्या पोटात डोकावणारा डीबगर आचार्यांनीच वीस वर्षांपूर्वी लिहिला होता. त्याला तपासता येई तो फक्त त्यानेच सुरू केलेला प्रोग्राम. बाकीच्यांना, म्हणजे यालाही, आधी मारायचे, बंद पाडायचे. मरताना त्यांच्या स्मृतीची प्रत डिस्कवर उतरे, ती चिरत बसायची.

त्यांच्या हाताखाली शिकलेली शिष्या शेजारी होती. ती म्हणाली, "सर, मारू नका. मी या यंत्रावर एक सोय बसवली आहे, तिच्यात प्रत्येक चालता प्रोग्राम फाइल म्हणून दिसतो. उघडा, वाचा; तो चालूच राहील. फाइल तुमच्या नावावर आहे, मला उघडत नाही. एक ओळ टाइप करा फक्त."

"अगं, फाइल डिस्कवर असते. जितंजागतं काही फाइल असतं का?"

"टेप फाइल, प्रिंटर फाइल, हा टर्मिनलसुद्धा फाइल. पहिल्याच तासाला हे कोणी शिकवलं?"

"ते सोपं करून सांगितलं होतं."

"मी खरं धरलं, सर."

कोपऱ्यातला ऑपरेटर फिस्सकन हसला. तेवढे पुरले. आचार्यांनी प्रोग्राम मारला.

डिस्क भरत आली होती, ते त्यांनी पाहिलेच नव्हते. प्रतीचा आरंभच तेवढा उतरला. उत्तरे होती तो भाग गेला. जे उतरले त्यात दिसले, की प्रोग्राम बिघडलाच नव्हता. तो नोंदींची दुसरी टेप चढण्याची वाट पाहत होता. ती टेप सोमवारी धूळ झटकायला काढून आचार्यांनीच कपाटात ठेवली होती.

मग आचार्यांनी यंत्रावरून स्वतःचा डीबगर काढून टाकला.

"सर, हे काय? वीस वर्षांचं काम आहे ते!"

"वीस वर्षं मी दोघांनाच प्रश्न विचारले," आचार्य म्हणाले. "जे माझ्या पोटी जन्मले त्यांना, नाहीतर मेलेल्यांना. जो जिवंत आहे आणि माझा नाही, त्यालाही विचारता येतं, हे तू सांगितलंस. मी शिकवलेलंच तू खरं मानलंस, याचा मला राग आला."

आचार्यांचे बोलणे खरे होते. फक्त एक तास उशिरा आले होते. ज्येष्ठांचे शहाणपण बहुधा याच वेळेला येते, आणि आपण त्याला नमस्कार करतो.

शनिवारी ट्रक येऊन यंत्र घेऊन गेला. आचार्यांची कोष्टके कधीच निघाली नाहीत.