आभाळासाठी पाळलेला वार

फार पूर्वी, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या एका खोलगट जागी एक गाव होतं. वरून बघावं तर परातीत ठेवल्यासारखं दिसायचं. ऊस मायंदाळ, आणि ज्याच्या त्याच्या मळ्यात गुऱ्हाळ. उसाचा रस काढला की चिपाडं उरतात. ती उन्हात वाळवायची, चुलवाणात घालायची आणि वर काहिलीत रस आटवायचा, की झाला गूळ. दुसरं सरपण लागायचंच नाही. वाडवडिलांनी एकच नेम घालून दिला होता: चिपाड हातात मोडून बघावं, कडकन वाजलं तरच जाळात घालावं.

एका साली बाजारपेठेतून निरोप आला, की ज्या गावचा गूळ पहिला येईल त्या गावाला राजवाड्यात गूळ पुरवायचा मान. झालं! मग वाळवायला थांबतंय कोण? लोकांनी ओलीच चिपाडं चुलवाणात कोंबली. ओलं ते, जळेना धड. नुसता धूर. पिवळट, दाट, डोळ्यांत शिरणारा. थंडीचे दिवस, वारा पडलेला, आणि भोवती डोंगर. धुरानं जायचं कुठं? तो गावावरच घोंगडीसारखा पसरून बसला.

आता पुढची गंमत बघा. धुरानं ऊन अडलं. ऊन नाही म्हणून चिपाडं वाळेनात. वाळेनात म्हणून ओलीच जाळायची. ओली जाळली की आणखी धूर. सगळं गाव घाण्याच्या बैलासारखं फिरायला लागलं. चालतंय खूप, पोचत कुठंच नाही. तुरीची फुलं गळाली. हरभऱ्याच्या पानावर काजळी धरली. मधमाश्या पोळी सोडून गेल्या. आणि माणसं खोकायला लागली.

त्या गावात सोनाक्का नावाची एक बाई होती. तिचं गुऱ्हाळ लहान. तिचा नवरा येसबा चुलवाणात जाळ घालायचा, म्हणजे धुराचा पहिला घास त्याच्याच छातीला. दोन शब्द बोलला की त्याला दम लागायचा.

"अहो, आज जाळापाशी बसू नका," सोनाक्का म्हणाली.

"मग काहील काय... तुझ्या बोलण्यानं तापणार?" येसबा हसायला गेला आणि खोकत खोकत जमिनीवर वाकला. बराच वेळ त्याला श्वासच घेता येईना. डोळे पांढरे व्हायला लागले.

सोनाक्कानं त्याची पाठ चोळली, त्याला बाहेर नेऊन बसवलं. मग खोरं उचललं, माती ओढली आणि पेटत्या चुलवाणाचं तोंड बुजवून टाकलं. काहिलीत अर्धा आटलेला रस वाया गेला. तिनं त्या रसाकडं वळून बघितलंसुद्धा नाही.

शेजारच्या बांधावरून हिंदुराव बघत होता. गावातलं सगळ्यांत मोठं गुऱ्हाळ त्याचं. तो हसून म्हणाला, "सोनाक्का, तुझ्या एका चुलवाणानं आभाळ निवळणार होय गं?"

"नाही निवळायचं. पण दादा, ते मळवलं कुणी?"

"माझ्या एकट्यानं थोडंच मळलंय!"

"गावात ज्याला विचारावं तो हेच म्हणतो," सोनाक्का म्हणाली. "एकट्यानं कुणीच मळवलं नाही. तरी मळलंय."

दुसऱ्या दिवशी तिनं ओल्या चिपाडांचा भारा डोक्यावर घेतला आणि डोंगर चढायला लागली. खिंडीत पोचली तर काय, डोक्यावर लख्ख ऊन! खाली बघितलं तर गाव नाही, देवळाचा कळस नाही, नुसतं धुराचं तळं. तिनं भारा सोडून तिथंच पसरला. मग रोज एक भारा वर.

पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, "सोनाक्का चिपाडांना तीर्थयात्रा घडवायला लागली बाई!"

"घडवते की," ती म्हणायची. "तुमच्यातली कुणी येत असली तर सांगा, सोबत होईल."

चिपाडं वाळली तशी ती चावडीवर गेली. गावचे वडीलधारे पाटीलआबा बसले होते, चार माणसं होती. तिनं सगळ्यांसमोर एक चिपाड मोडलं. कडकन आवाज झाला. कितीतरी दिवसांत गावानं तो आवाज ऐकला नव्हता.

हिंदुराव उठलाच. "ब्येस! उद्यापासून मी गाड्या लावतो. आपण समद्यांची चिपाडं वरच वाळवू."

"माझंही तेवढ्यानं भागलं असतं," सोनाक्का म्हणाली. "पण दादा, चिपाडं वर नेता येतील, छाती कुठं न्यायची? माझा माणूस चार पावलं चढत नाही."

"मग काय करावं म्हणतेस, पोरी?" आबांनी विचारलं.

"वार पाळायचा."

जनावरांत रोग आला की ते गाव वार पाळायचं. त्या दिवशी औत नाही, घाणा नाही, जाळ नाही. पण आता?

"बैल तर ठणठणीत आहेत सगळ्यांचे," कुणीतरी म्हणालं.

"आभाळ आजारी आहे. ते काय बैलापेक्षा कमी राबतं आपल्यासाठी? धूर हटून चिपाडं वाळेपर्यंत कुणीच चुलवाण पेटवायचं नाही."

एकच गलका झाला. "मान जाईल!" "उभा ऊस तुऱ्यावर येईल, गोडी जाईल!"

"मान जाईल, गोडीही थोडी जाईल," सोनाक्का शांतपणे म्हणाली. "मी नाही म्हणत नाही. पण हा काळा, धुरकट गूळ राजवाड्यात कोण तोंडात घालणार आहे?"

आबांनी 'हे जमायचं नाही' असं सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांना असा ठसका लागला की पागोटं सुटून मांडीवर पडलं. लोक हसले. आबाही डोळे पुसत हसले. म्हणाले, "घ्या. आभाळानंच कौल दिला. पाळा वार."

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक कुरकुरायला लागले.

"गढूळ पाणी घागरीत भरलं तर गाळ बसायला वेळ लागतो का नाही?" सोनाक्का दारोदार सांगत फिरली. "थांबा. कुणी चुलवाण पेटवून ढवळू नका."

हळूहळू धूर विरळ झाला. डोंगराची कड दिसली, मग कळस दिसला. आणि एका सकाळी त्या निवळत्या आभाळात धुराची एकच रेघ वर चढली. आधी इतक्या धुरांत कुणाचा कुठला ते कळत नव्हतं. आता अख्ख्या गावाला दिसलं. हिंदुरावाच्या मळ्यातला धूर होता तो.

गाव त्याच्या बांधावर जाऊन उभं राहिलं. कुणी शिवी दिली नाही. सोनाक्कानं खोरं पुढं केलं. "दादा, माती मी ओढू, का तुम्ही ओढताय?"

हिंदुरावानं मान खाली घातली. खोरं घेतलं आणि आपल्या हातानं चुलवाण बुजवलं.

पुढं ऊन पडलं, चिपाडं वाळली, चुलवाणं स्वच्छ पेटली. गूळ सोन्यासारखा निघाला. पण मान दुसऱ्याच गावाला गेला. काही ऊस तुऱ्यावर आला, त्याचा गूळ बेताचाच गोड झाला. तुरीची गळालेली फुलं काही परत आली नाहीत. तरी गावानं ठरवलं, की दर थंडीत वारा पडला की आभाळासाठी वार पाळायचा.

येसबाचा खोकला एकदम गेला नाही. सावकाश उतरला. एके दिवशी सोनाक्का मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला होती, आणि त्यानं घरापासून तिला हाक मारली. लांबलचक, मोठी, मध्ये कुठं न तुटलेली. तिला ती पहिल्याच खेपेला ऐकू आली. पण तिनं ओ दिली नाही. त्यानं पुन्हा हाक मारावी म्हणून ती तशीच उभी राहिली.

तात्पर्य: आभाळ सगळ्यांचं, म्हणून ते मळवल्याचा दोष कुणालाच आपला वाटत नाही. ते निवळायचं तर कुणालातरी आधी आपला जाळ विझवावा लागतो, आणि मग सगळ्यांना.